खालची फळी

ताईच्या हातातून पेन पडलं की समजायचं, आता खरं बोलणं सुरू होणार.

काउंटरसमोर गिऱ्हाईक उभं असायचं. ताई कंपनीने शिकवलेलं सगळं खणखणीत आवाजात म्हणून दाखवायची. बॅटरी अमुक, कॅमेरा तमुक, वर्षाची वॉरंटी, सोबत कार्ड फुकट. शाळेत पोरं कविता म्हणतात तशी, मध्ये श्वासही न घेता. आणि मग पेन पडायचं. ते उचलायला ती वाकायची, माणुसकी म्हणून गिऱ्हाईकही वाकायचं, आणि दोघांची डोकी काचेखाली गेली की तिकडून बारीक आवाज यायचा, "इथलं बघा जरा. खालच्या फळीवरचं."

पहिल्यांदा मला वाटलं, बाईच्या हाताला कंप आहे. दिवसातून पाच-सहा वेळा पेन पडायला लागलं तेव्हा मी कळवळून तिला जाडजूड, रबरी पकडीचं पेन आणून दिलं. तेही पडलं. तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली.

तुम्ही म्हणाल, दुकान तुमचं, फळी तुमची, मग ही लपाछपी कशाला? तेच सांगतो. शहराच्या छावणी भागात माझं मोबाईलचं दुकान आहे, बाजाराच्या तोंडाशी. दुकान माझं, पण वरचा बोर्ड कंपनीचा. आतली काच कंपनीची, दिवे कंपनीचे, बसायची दोन स्टुलंसुद्धा कंपनीची. कंपनी म्हणजे फोन बनवणारी नव्हे, सिमकार्ड विकणारी. नाव घेत नाही, बोर्डाच्या रंगावरून आम्ही तिला जांभळी कंपनी म्हणायचो. कार्डं विकता विकता या कंपनीने स्वतःच्या नावाचे फोनही आणले. त्यात फक्त तिचंच कार्ड चालायचं. दुसऱ्या कंपनीचं घातलं की फोन मख्ख. फोनवर बटणं किती, कुठलं बटण कुठे, उघडल्याबरोबर काय दिसायचं, काय पुसता येणार नाही, सगळं कंपनीने ठरवलेलं. आणि दुकानात कुठला फोन कुठल्या फळीवर हेही तीच ठरवायची. दर महिन्याला एक नकाशा यायचा. डोळ्यांच्या उंचीवर जांभळे फोन. कुठलंही कार्ड चालणारे, म्हणजे ज्यांना आम्ही खुले फोन म्हणतो ते, सगळ्यात खाली, गिऱ्हाइकाच्या चपलांशेजारी. नकाशाप्रमाणे मांडलंय याचा फोटो काढून पाठवायचा. मी पाठवत होतो. फुकटच्या बोर्डाचं दुसरं काय होणार!

तर या कंपनीनेच ताईला माझ्या दुकानात उभं केलं होतं. त्यांच्या भाषेत प्रमोटर. पगार कंपनीचा, उभं राहायची जागा माझी, आणि काम एकच, माणसाला वरच्या फळीवरचा फोन घ्यायला लावणं.

माझ्यापेक्षा चारेक वर्षांनी मोठी असेल. राहायला बजाजनगरला. नवरा वाळूजच्या एका कारखान्यात मशीनवर होता, तो गेल्यावर एकुलत्या लेकीचं शिक्षण, लग्न तिनेच उरकलं. लेक चाकणला. ताई रोज बसने यायची, दहाच्या ठोक्याला. कंपनीचा जांभळा टीशर्ट साडीवरून घालायची आणि वरून पदर असा घ्यायची की कंपनीचं नाव बरोबर त्याखाली झाकलं जाई. एकदा साहेब तपासणीला आले.

"मॅडम, लोगो दिसला पाहिजे."

"मग पदर कुठं ठिवू?" ताईने विचारलं.

साहेब पंचविशीतले. त्यांच्या ट्रेनिंगमध्ये पदराचा धडा नसावा. ते माझ्याकडे बघू लागले, मी छताकडे.

तिचं नाव मी लिहीत नाही. लिहिलं तर चाकणहून विचारेल, "शेठ, माझ्यावर लिवायला मी काय पुढारी हाय व्हय?"

तिचा एक प्रश्न ठरलेला होता. दुसरे दुकानदार विचारतात, बजेट किती. ताई विचारायची, "फोनवर कुठं बसून बोलता?"

लोक बावचळायचे. फोनवर बोलायला बसायचं कुठे हा काय प्रश्न झाला! पण ती सोडायची नाही. घरात का अंगणात? वट्यावर का जिन्यात? पलंगावर पडून बोलता येतं, का उठून खिडकीत जावं लागतं? हळूहळू माणूस सांगू लागायचा. आणि गंमत बघा, रेंज सांगता सांगता माणूस घर सांगून जायचा. कोणाच्या घरी फक्त न्हाणीच्या खिडकीत रेंज येते, कुठली सून माहेरचा फोन आला की गच्चीवर पळते, कुठले आजोबा गोठ्याच्या मेढीला टेकूनच बोलतात, सगळं ताईला पाठ. जिल्हा तिने फारसा पाहिलेला नव्हता. लेणीसुद्धा पाहिली नव्हती. पण अजिंठ्याकडच्या वाड्यावस्त्या, कन्नडचा घाट, पैठणचा रस्ता, कुठल्या आळीत कुठल्या कंपनीची रेंज कुठल्या उंबऱ्यापर्यंत येते, हे कंपनीच्या रेंजच्या नकाशापेक्षा तिला जास्त कळायचं. कंपनीच्या नकाशावर तर सगळा जिल्हाच जांभळा होता.

"नकाशात काय हो," ती म्हणायची, "रंग सांडला की झालं."

जांभळ्या फोनच्या मधल्या बटणावर तिचा विशेष राग. ते दाबलं की कंपनीची गाणी, कंपनीचे सिनेमे, कंपनीचं दुकान उघडायचं. ते बटण बरोबर अंगठ्याखाली. म्हाताऱ्या माणसांनी फोन उचलायला जावं आणि समोर कोणीतरी बाई नाचायला लागावी.

"फोन तुमचा, पण मधलं बटण कंपनीचं," ताई म्हणायची. "सुनंचं घर आन् मधल्या खोलीत सासू. तिला वलांडून कुठंच जाता येत न्हाय."

यावर तिने तिचाच उपाय काढला होता. पर्समध्ये टिकल्यांचं पाकीट असायचं. वयस्कर माणसाने फोन घेतला की ती हिरव्या बटणावर एक लाल टिकली चिकटवून द्यायची. "काका, डोळ्यानं बघूच नका. बोटाला टिकली लागली की दाबा."

छावणीतलेच एक चाचा होते, घड्याळं दुरुस्त करायचे. पाच वेळची नमाज न चुकवणारा, मुंगीलाही न दुखावणारा माणूस. तेही टिकली लावून फोन घेऊन गेले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडायच्या आधीच पायरीवर हजर.

"अगे बाई, क्या करके रखी तू!" चाचा हळू आवाजात म्हणाले. "घर में पूछ रे, ये टिकली किसकी है बोलके. पचास साल की शादी में पैला झगडा!"

ताई हसून हसून स्टुलावर बसली. मग तिने शेजारच्या कंगनवाल्याकडून नखपॉलिश आणून चाचांच्या बटणावर एक ठिपका दिला. चाची स्वतः येऊन बघून गेल्या तेव्हा कुठे मिटलं. तेव्हापासून टिकली लावायच्या आधी ताई पुरुष गिऱ्हाइकाला विचारायची, "घरी चालंल ना?"

माझं म्हणाल तर मी तिच्यावर कुरकुरायचो. स्वभावच तसा, बायको म्हणते मी झोपेतही कुरकुरतो. कंपनीचा माल वर पडून राहिला की साहेबांचे फोन मला यायचे. पण खालच्या फळीवरचा फोन घेऊन गेलेला माणूस पुढच्या वेळी भाऊ-भावजयीला घेऊन यायचा, हेही मला दिसत होतं. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी माझी गत. मी काही बोलायचो नाही. बोललो नाही ते बरं केलं असं तेव्हा वाटायचं.

दुसरी कुरकुर संध्याकाळची. साडेसहा वाजले की ताई दुकानाच्या पायरीवर जाऊन बसायची आणि लेकीशी बोलायची. बसची वेळ होईपर्यंत. नेमकी गर्दीची वेळ, आणि हिची बैठक पायरीवर. लोक वळसा घालून आत यायचे.

"ताई, घरी जाऊन बोला की निवांत."

"घरी कामं असत्यात, शेठ," एवढंच म्हणायची आणि अंग चोरून कडेला सरकायची.

आता या धंद्यातली एक गोष्ट तुम्हाला सांगायला हवी. कंपनी अधूनमधून खोटं गिऱ्हाईक पाठवते. साधा माणूस बनून येतो, चौकशी करतो, आणि प्रमोटर काय बोलली, कुठला फोन दाखवला, ते लिहून पाठवतो. आम्हा दुकानदारांना हे ठाऊक असतं, फक्त कोण आणि कधी ते ठाऊक नसतं. ताईने मात्र ओळखायची खूण शोधली होती. म्हणायची, "जो भाव करत न्हाय, त्यो कंपनीचा." आणि खरंच, आपल्याकडे कुठला माणूस भाव न करता फोन घेईल? अगदी छापील किंमत असली तरी "कव्हर तरी टाका त्याच्यात" एवढं तर म्हणणारच. आमचं ठरलं होतं. मला असा कोणी दिसला की मी दोनदा खोकायचं. त्या दिवशी पेन पडत नसे.

तो माणूस आला तो भर दुपारी. तिशीचा, चेहऱ्याने गरीब, बूट नवे. म्हणाला, आईसाठी फोन हवाय. ताईने वरचा दाखवला, किंमत सांगितली. तो "ठीक आहे" म्हणाला. कव्हर नाही, काच नाही, काही नाही. वर त्याची नजर फोनपेक्षा फळ्यांवरच फिरत होती. मी दोनदा खोकलो. पुरेसं वाटेना म्हणून तिसऱ्यांदाही खोकलो. ताईने माझ्याकडे पाहिलं आणि मान हलवली. म्हणजे समजलं होतं तिला, यात शंका नाही.

"आई कुठं असती?" तिने विचारलं.

त्याने अजिंठ्याच्या अलीकडच्या, डोंगराला चिकटलेल्या एका वाडीचं नाव सांगितलं.

"फोनवर कुठं बसून बोलती?"

"म्हणजे... घरातच."

"घरात न्हाय बोलता यायचं." ताई म्हणाली. "तुमच्या वाडीचे एक कंडक्टर येत्यात इथं. या कंपनीचा टावर डोंगराच्या पल्याड हाय. घरात एक दांडी येत न्हाय. हा फोन घ्यायचा तर आईला कुठंतरी उंचावर जावं लागंल, आन् ह्याच्यात दुसरं कार्ड चालत न्हाय. म्हाताऱ्या माणसाला कशाला तरास?"

मी पुन्हा खोकलो. खोकून खोकून घसा दुखायला लागला.

आणि ताईच्या हातातून पेन पडलं.

तोही वाकला. खाली काय बोलणं झालं ते मला ऐकू आलं नाही. दोघं उभी राहिली तेव्हा त्याच्या कपाळावर घाम होता. "विचार करून सांगतो" म्हणून तो निघून गेला.

"ताई, मी खोकलो होतो." मी जवळजवळ ओरडलोच.

"ऐकलं की. चांगलं चार बारी ऐकलं."

"मग? कळलं नाही तुम्हाला? कंपनीचा होता तो!"

"व्हता ना." ती पेनाचं टोपण बसवत होती. "त्यो खोटा असंल, शेठ. पण आई तर खरी असंल की. समजा त्यानं खरंच तिला ह्यो फोन नेऊन दिला तर?"

मी माझ्या खुर्चीत जाऊन बसलो.

आठवड्याने मोठे साहेब आले. गाडी रस्त्यात उभी, आत येऊन बसले नाहीत. हातात कागद. मला बाजूला घेतलं, म्हणजे काय, ताईपासून चार हातांवर. तिला सगळं ऐकू जात होतं.

"ही बाई नेहमीच असं सांगते का? खालचे फोन दाखवते?"

एकच प्रश्न होता. "मीच सांगितलं होतं" असं म्हणता आलं असतं. "ती खोटं काय बोलली?" असं विचारता आलं असतं. मी वर बोर्डाकडे पाहिलं. काचेकडे पाहिलं. माझ्या दोन मुली शिकत होत्या तेव्हा, तेही डोक्यात आलं. म्हणालो, "मला काही कल्पना नाही, साहेब. मी गल्ल्यावर असतो."

लिहितानाही लाज वाटते. पण खोटं लिहिलं तर ताईवर लिहायचा हक्क उरत नाही.

ताईने वाद घातला नाही. टीशर्ट डोक्यातून काढला, नीट घडी घातली, आमच्या घरी बायका साडीची घालतात तशी, आणि गळ्यातलं ओळखपत्र त्यावर ठेवलं. पदर सारखा केला. जाताना पर्समधून टिकल्यांचं पाकीट काढून माझ्या ड्रॉवरमध्ये टाकलं.

"राहू द्या, शेठ. म्हातारी माणसं येत्याल."

माझ्याकडे बघून हसलीसुद्धा. रागावली असती तर मला रात्री जेवण गेलं असतं.

तीन रविवार मी धीर गोळा केला आणि चौथ्या रविवारी बजाजनगर गाठलं. दुसऱ्या मजल्यावर एक खोली, स्वच्छ. ताईने चहा टाकला, शेव ठेवली, मुलींचं विचारलं. मी म्हणालो, माझ्याकडे कामाला या. कंपनीचं नको, माझ्या पगारावर.

"आन् तुमचा बोर्ड?" ती म्हणाली. "मला ठिवली तर दुसऱ्या दिवशी उतरवून नेतील. आन् माझं बी हितलं उरकलंच आता. लेकीला दिवस हायेत. चाकणला जाते."

घरी उशीर होईल म्हणून सांगायला मी फोन काढला, तर एकही दांडी नाही. माझा फोनही जांभळाच, दुकानदारांना कंपनीने वाटलेला.

"हितं न्हाय लागायचा," ताई म्हणाली. "हितं कधीच लागत न्हाय."

तेव्हा मला संध्याकाळची पायरी आठवली. प्रमोटरच्या खिशात दुसऱ्या कंपनीचा फोन सापडला तर नोकरी जात असे. सगळ्या जिल्ह्याला योग्य फोन देणाऱ्या बाईच्या स्वतःच्या घरात तिचा फोन लागत नव्हता, आणि मी तिला म्हणत होतो, घरी जाऊन बोला.

"आता तरी टाका हा फोन," मी म्हणालो.

"चालतोय की अजून. चालती वस्तू टाकवत न्हाय बघा."

मी हो म्हणालो आणि निघालो.

ताई चाकणला गेली. नात झाली. तिने मला पत्त्यासकट कळवलं आणि बजावलं, "शेठ, फोन करायचा तर दुपारी एकला करा. एरवी न्हाय लागायचा, नात कुठं मोकळं सोडती!" मी महिन्यातून एकदा, बरोबर एकला करायचो. चाचा कसे आहेत, मुली काय करतात, दुकानापुढचा रस्ता झाला का, सगळं विचारायची.

गेल्या उन्हाळ्याच्या सुरुवातीला तो माणूस पुन्हा दुकानात आला. बूट तेच, आता जुने झालेले. मी ओळखलं आणि मस्तकात तिडीक गेली. त्याने आईसाठी फोन मागितला. मी मुद्दाम वरचा जांभळा समोर आपटला.

"हा नको," तो म्हणाला. "त्या मावशींनी दाखवला होता तो. खालचा." मी काढून दिला. त्याने तो उलटसुलट पाहिला. "यात काही कमी होईल का? कव्हर तरी टाका."

भाव केला त्याने. त्याक्षणी माझा राग निम्मा उतरला. खरं गिऱ्हाईक होतं.

त्याने सांगितलं, आई पडली होती. उजवा हात प्लास्टरमध्ये. पाण्याच्या टाकीपाशी पडली, पाणी किती आहे ते बघायला चढले होते म्हणाली. जुना फोनही तेव्हाच फुटला. जुना म्हणजे जांभळा, त्यानेच नेऊन दिलेला. कंपनीत कामाला म्हणून फुकट मिळाला होता.

माझ्या तोंडून ते कसं आलं मला माहीत नाही. इतकी वर्षं कानावर पडलेलं होतं, तेच बाहेर पडलं. "तुमची आई फोनवर कुठं बसून बोलते?"

त्याने हातातला फोन काचेवर ठेवला. मग म्हणाला, "खरं सांगू? माहीत नाही. मी रोज सकाळी साडेआठला करतो, तेव्हा उचलते. एरवी लागत नाही. मला वाटायचं चार्जिंग वाचवायला बंद ठेवत असेल."

"तुम्ही गावी जाता तेव्हा तुमचा लागतो?"

"माझ्यात दोन कार्डं आहेत," तो खाली बघत म्हणाला. कंपनीचा माणूस, आणि दुसऱ्या कंपनीचं कार्डही खिशात!

तो स्वतःचा फोन घेऊन पायरीवर गेला, ताई बसायची तिथेच. वाडीतल्या शेजारणीला फोन लावून आईला बोलावून घेतलं. मला त्याचं बोलणं ऐकू येत होतं. "आई, तू माझ्याशी कुठं बसून बोलायचीस?... नाही, खरं सांग... रोज?" मग बराच वेळ तो नुसता ऐकत राहिला.

आत आला आणि स्टुलावर बसला.

"टाकीच्या शिडीवर," तो म्हणाला. "चौथ्या पायरीवर गेलं की रेंज यायची म्हणे. एका हाताने शिडी धरायची, एका हाताने फोन. दोन मिनिटं झाली की 'ठेवते रे' म्हणायची. मला वाटायचं, तिला माझ्याशी बोलायला वेळ नाही. मी रुसायचो तिच्यावर. पाणी बघायला नव्हती चढली ती. साडेआठ वाजले होते."

मी पाण्याचा ग्लास पुढे केला. तो प्यायला नाही.

"मावशी कुठे असतात?"

"तुम्हाला माहीत नाही?"

"मी फक्त फॉर्म भरला," तो म्हणाला. "एक ओळ होती. दुसरा फोन सुचवला का, हो किंवा नाही. मी हो वर खूण केली. त्यांनी मला खाली वाकून सांगितलं होतं, बाळा, आईला उंचावर चढायला लावू नको. आणि मी खूण केली."

त्याला चार शब्द सुनावावेत असं फार वाटत होतं. पण मलाही एकच प्रश्न विचारला गेला होता, आणि मी काय उत्तर दिलं ते माझ्या काचेने, दिव्यांनी ऐकलं होतं. आम्ही दोघं एकाच माळेचे मणी. मी ड्रॉवरमधून टिकल्यांचं पाकीट काढलं, एक टिकली हिरव्या बटणावर लावली. विचारायचं विसरलो नाही. "घरी चालेल ना?" तो हो म्हणाला, आणि मग रडला.

चार दिवसांनी दुपारी एकला मी चाकणला फोन केला. सगळं सांगितलं. त्याने माफी मागितलीय तेही सांगितलं. ताईने त्याच्या माफीचं काही विचारलं नाही, माझ्या तर नाहीच, आणि मी ती मागितलीही तेव्हा पहिल्यांदाच. ती म्हणाली, "ते ऱ्हाऊ द्या हो शेठ. म्हातारी आता बसून बोलती का?"

"बसून बोलते. आज सकाळीच त्याने मला सांगितलं. पलंगावर बसून अर्धा तास बोलली म्हणे."

"बास मग. लई बेस झालं."

मी पुढे काही बोलणार तेवढ्यात तिकडून कोणाचा तरी आवाज आला, "मावशी, जरा सरका ना, सिलिंडर न्यायचाय." आणि मग सिलिंडर एकेक पायरी वर चढल्याचा ठण, ठण, ठण असा आवाज.

मी त्या पायऱ्या मोजल्या.

"ताई, तुम्ही कुठं बसून बोलताय?"

"मी व्हय?" ती हसली. "माझं काय, मी आपली हाय हितंच. ठिवते शेठ, नात उठली वाटतं."

जिन्यात नात कुठून उठणार? माझा फोन कुठल्या दिवशी येईल ते ठाऊक नाही म्हणून रोज दुपारी एक वाजता ती तोच जांभळा फोन घेऊन जिन्यात येऊन उभी राहत होती, आणि मला ते दीड वर्ष कळलं नव्हतं. बजाजनगरची खोली स्वतः पाहूनही कळलं नव्हतं. आणि मी फोन विकणारा माणूस! त्या रविवारी खालच्या फळीवरचा एक फोन खिशात घालून गेलो असतो तर काय बिघडलं असतं?

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडलं ते फक्त फोन घ्यायला. खालच्या फळीवरचा चांगलासा बघून काढला, चाकणला कुठलं कार्ड चालतं ते दोघा-चौघांना विचारून घेतलं. हिरव्या बटणावर टिकली लावली. शटर ओढलं आणि पुण्याच्या गाडीत जाऊन बसलो. येतोय म्हणून एकदा फोन करावासा वाटला, पण तो लागायचा तर तिला पुन्हा जिन्यात यावं लागलं असतं.